रॉजर वॉटर्सचे राजकीय सोलो अल्बम : काही महिने ऐकल्यावर, एक नॉब गमावल्यावर

माझ्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाजाचा नॉब गेला. म्हणजे फिरवला की खरखर, मध्येच डावा स्पीकर गप्प, आणि केसभर पुढे सरकवला की दोन्ही बाजूंनी एकदम बोंब. सर्व्हिस सेंटरमधल्या माणसाने झाकण उघडून पाहिलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "नॉब फार फिरवता का?" मी रॉजर वॉटर्स ऐकतो, हे उत्तर वॉरंटीच्या फॉर्मवर कुठल्या रकान्यात लिहायचं?

वॉटर्स ज्याचा बासवादक आणि गीतकार होता तो ब्रिटिश रॉक बँड पिंक फ्लॉइड काय, वॉटर्स त्यातून का बाहेर पडला, नावावरून कोर्टबाजी कशी झाली, हे सगळं इथे येणाऱ्यांना पाठ आहे असं धरून चालतो. मी आलटूनपालटून तीन अल्बम ऐकतोय : १९८७चा 'रेडिओ केऑस', १९९२चा 'अम्यूज्ड टू डेथ' आणि २०१७चा 'इज धिस द लाइफ वी रिअली वाँट?'. १९८४चा 'प्रोज अँड कॉन्स ऑफ हिच हायकिंग' मुद्दाम बाजूला ठेवला. पहाटे साडेचार ते पाच वाजून अकरा मिनिटं एवढ्या वेळात एका माणसाला पडलेलं स्वप्न आहे ते. एरिक क्लॅप्टनची गिटार झकास, पण त्यात राजकारण शोधायला गेलात तर हाती फारसं लागणार नाही. आणि फ्लॉइडच्या नावावरचा 'द फायनल कट' हाच वॉटर्सचा पहिला सोलो, असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. अल्बमवरच लिहिलंय की रचना वॉटर्सची, वाजवणारे पिंक फ्लॉइड. विषय मिटला.

आता मूळ तक्रार. 'अम्यूज्ड टू डेथ' धडपणे ऐकता येत नाही. राजकारण पटतं की नाही, ही नंतरची गोष्ट. आधी आवाजाचं बोला. सुरुवातीला एक म्हातारा इतक्या हळू बोलतो की तुम्ही नॉब पुढे नेता. मग टीव्हीचे चॅनल बदलायला लागतात आणि 'व्हॉट गॉड वाँट्स' असं काही कोसळतं की धावत जाऊन नॉब मागे. 'लेट होम टुनाइट'मध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या एका शेतकऱ्याची बायको खिडकीत उभी आहे, मंद गिटार चालू आहे, आपण सैलावलोय, आणि लिबियावर बॉम्ब पडतो. अमेरिकेचा १९८६चा तो हल्ला आमच्या घरात रात्री पावणेबाराला झाला. पुढे काय बोलणी खाल्ली ते इथे लिहीत नाही.

७२ मिनिटांच्या अल्बममध्ये हात सतत नॉबवर. हा कसला ऐकण्याचा आनंद? गायक स्वतः कुजबुजतो, मग किंचाळतो, मग पुन्हा कुजबुजतो. रात्री ऐकणाऱ्या माणसाचा विचार कोणी केलाच नाही. रेकॉर्डिंगच्या बाजूने बोलायचं तर १९९२ साली सीडीवर एवढी मोकळीक असायची. पुढे नव्वदच्या दशकातच प्रत्येक गाणं दुसऱ्यापेक्षा मोठं वाजवायची शर्यत लागली आणि हळू-मोठा हा फरकच बऱ्याच रेकॉर्डवरून पुसला गेला. म्हणून जाणकार लोक या अल्बमची स्पीकर तपासण्यासाठी शिफारस करतात. स्पीकर तपासून झाले, आता नॉबचं काय?

सर्व्हिस सेंटरचं म्हणणं असं की नॉब हा 'झिजणारा भाग' आहे, वॉरंटीत बसत नाही. मी म्हटलं, फिरवायच्या वस्तूला फिरवलं म्हणून झीज कशी काय धरता? तर म्हणे सुटा नॉब बदलत नाही, आख्खा बोर्ड बदलावा लागेल. बोर्डाचा आकडा ऐकून मी यंत्र उचलून घरी आणलं. असले आकडे ऐकून मी नेहमीच वस्तू उचलून घरी आणतो.

घरी एक शोध लागला. नॉबच्या अख्ख्या फेऱ्यात एकच जागा अशी होती की जिथे खरखर नाही आणि दोन्ही बाजू वाजतात. साधारण साडेनऊच्या काट्यावर. तिथे ठेवला आणि हात लावायचा नाही असं ठरवलं. नाइलाज होता. आणि त्या नाइलाजात 'अम्यूज्ड टू डेथ'बद्दलचं माझं मत फिरलं.

एकाच पातळीवर ठेवल्यावर म्हाताऱ्याचं बोलणं ऐकायला उठून पुढे यावं लागलं. स्पीकरसमोर जमिनीवर बसलो. तो म्हातारा म्हणजे आल्फ रॅझेल, पहिल्या महायुद्धातला, ब्रिटिश सैन्याच्या रॉयल फ्युझिलिअर्स पलटणीचा शिपाई. आवाज बीबीसीच्या एका माहितीपटातून घेतलेला आहे. दोन्ही बाजूंच्या खंदकांच्या मधल्या जागेत त्याला बिल हबर्ड नावाचा जखमी सोबती सापडतो. तो त्याला उचलून आणायला बघतो, पण वेदना इतक्या की बिल स्वतःच म्हणतो, मला खाली ठेव. आणि आल्फला त्याला तिथेच सोडून यावं लागतं. हे सगळं तो सांगतो ते हिशेब सांगावा तशा आवाजात. रडत नाही, कोणाला शिव्या देत नाही. आधी हे बोलणं मी गाण्याआधीची भरती समजून पुढे ढकलत होतो. आता ते कान देऊन ऐकल्यावर पुढचा सगळा गोंधळ, चॅनल बदलणं, देवाला काय काय हवंय त्याची यादी, पाणबुडीने तेलाच्या फलाटावर हल्ला करताना खऱ्याखुऱ्या क्रीडा समालोचकाने, मार्व्ह अल्बर्टने, केलेली कॉमेंट्री, हे सगळं त्या म्हाताऱ्याच्या आवाजावर टाकलेलं पांघरूण वाटायला लागलं. नील पोस्टमन या लेखकाच्या 'अम्यूझिंग अवरसेल्व्ज टू डेथ' या पुस्तकावरून शीर्षक घेतलंय, करमणुकीत बुडालेल्या समाजाबद्दल आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. पण टीव्हीला शिव्या देणारे अल्बम पैशाला पासरी मिळतात. इथे एका माणसाची आठवण टीव्हीच्या गोंगाटात हरवू द्यायची आणि शेवटी परत काढायची, असा बेत आहे. अगदी शेवटी आल्फ पुन्हा येतो आणि सांगतो की बऱ्याच वर्षांनी फ्रान्समधल्या आरासच्या स्मारकावर, बेपत्ता सैनिकांच्या यादीत, बिलचं नाव दिसलं आणि मन हलकं झालं. तेही तितक्याच हळू. नॉब पुढे नेला असता तर ते फक्त मोठ्याने ऐकू आलं असतं.

वॉटर्सचे वडील इटलीत अँझिओच्या लढाईत १९४४ साली गेले, तो जेमतेम पाच महिन्यांचा होता. तेही रॉयल फ्युझिलिअर्सचेच. या अल्बममध्ये त्यावर एवढीच एक ओळ आहे, 'थ्री विशेस'मध्ये : लहानपणी बाप गेलेला नसता तर बरं झालं असतं, अशी. फ्लॉइडच्या 'द वॉल' आणि 'फायनल कट'मध्ये वडिलांवर इतकं लिहून झालंय की इथे एका ओळीवर थांबणं त्याला जमलं हेच विशेष.

तर तेव्हापासून माझा एक सिद्धांत तयार झाला : वॉटर्सचं राजकारण तो कुजबुजतो तिथे पटतं आणि ओरडतो तिथे फुकट जातं. काही दिवस मी हा सिद्धांत भेटेल त्याला ऐकवत होतो. मग 'द ब्रेव्हरी ऑफ बीइंग आउट ऑफ रेंज' लागलं. आखाती युद्धाच्या वेळचं, लांबून क्षेपणास्त्र सोडून शौर्य मिरवणाऱ्या म्हाताऱ्या नेत्यांवरचं गाणं. ते काही हळू नाही. दणदणीत आहे, चाल अशी की पाय थांबत नाही, आणि तरीही तीनही अल्बममधलं सगळ्यात बोचरं गाणं तेच. उलट 'वॉचिंग टीव्ही' हळू, नुसती अकूस्टिक गिटार आणि ईगल्स बँडच्या डॉन हेन्लीचा जोडीला आवाज. बीजिंगच्या थ्येनआनमेन चौकात मारल्या गेलेल्या मुलीबद्दल. त्यात तो तिला इतिहासातल्या इतर बळींशी तोलायला लागतो आणि माझं मन उडतं. म्हणजे सिद्धांत गळका निघाला. तरी मी तो टाकलेला नाही. जरा दुरुस्त करून वापरतो : गाण्यात एखादा माणूस असला पाहिजे. त्या दणदणीत गाण्यातसुद्धा पिस्तूल मिरवणारा एक म्हातारा डोळ्यांसमोर उभा राहतो.

'रेडिओ केऑस' या कसोटीवर बघा. लोकांना त्यातले ड्रम खटकतात. खटकतातच, तो १९८७चा इलेक्ट्रॉनिक ढोल आहे आणि एका रेडिओ-नाटकाच्या मागे नाचायच्या क्लबची चाल का लावली कळत नाही. त्याच वर्षी गिटारवादक डेव्हिड गिल्मरच्या हाती राहिलेल्या फ्लॉइडने 'मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन' काढला आणि विक्रीत वॉटर्सला पार मागे टाकलं, याचं एक कारण मी तरी हे ड्रम धरतो. पण गोष्ट ऐका. वेल्समधला बेनी, कोळसा खाणीतला कामगार, नोकरी गेलेली. मोटारवेवरच्या पुलावरून काँक्रीटचा ठोकळा खाली पडतो, एक टॅक्सीवाला मरतो, बेनी तुरुंगात. असा प्रसंग खाणसंपाच्या काळात साउथ वेल्समध्ये नोव्हेंबर १९८४मध्ये खरोखर घडला होता. बेनीचा भाऊ बिली व्हीलचेअरवर, बोलू न शकणारा, पण डोक्यात रेडिओच्या लहरी ऐकू येणारा. त्याला लॉस एंजेलिसला पाठवतात आणि तिथून तो यंत्राच्या आवाजात एका रेडिओ डीजेशी बोलायला लागतो. डीजेचं काम खऱ्या डीजेनेच, जिम लॅडने केलंय, आणि त्याचं खरं स्टेशन केएमईटी त्याच वर्षी रॉक सोडून दुसऱ्याच संगीताकडे वळलं होतं. शेवटी बिली संगणकांत घुसून अणुयुद्ध सुरू झाल्याचा भास उभा करतो.

एवढा मालमसाला, आणि सगळा बसवलाय ४१ मिनिटांत. अर्धी गोष्ट कव्हरवर छापलेली वाचली नाही तर गाण्यांतून कळत नाही. हा माझा दुसरा राग. वस्तू विकत घेतल्यावर माहितीपत्रक वाचल्याशिवाय ती चालत नसेल तर दोष वस्तूचा. पण 'मी ऑर हिम' आणि 'होम' ही गाणी कुठलंही पत्रक न वाचता चालतात. 'फोर मिनिट्स'मध्ये गायिका क्लेअर टॉरीचा आवाज येतो आणि तिथे ड्रमसुद्धा खटकत नाहीत, कारण तेवढा वेळ आपण श्वास रोखून बसलेलो असतो. 'द टाइड इज टर्निंग' हे शेवटचं गाणं मात्र मला गोग्गोड वाटतं, लाइव्ह एड या मदतनिधीच्या मैफलीच्या उत्साहात लिहिलेलं. १९९०ला बर्लिनमध्ये भिंतीच्या जागी 'द वॉल'चा कार्यक्रम झाला तेव्हा समारोपाला हेच गायलं गेलं. तिथे शोभलं असेल. पंतप्रधान थॅचरबाईंच्या राज्यात तुरुंगात बसलेल्या बेनीचं शेवटी काय झालं, ते या गाण्यात कोणी विचारत नाही.

मध्यंतरी ती एकुलती एक बिनखरखरीची जागाही गेली. ओळखीच्या एका दुरुस्तीवाल्याने यंत्र ठेवून घेतलं आणि मी हेडफोनवर आलो. इथे 'अम्यूज्ड'च्या नव्या गिऱ्हाइकांसाठी सूचना : हेडफोनवर ऐकू नका. या अल्बमला क्यू-साउंड नावाची युक्ती वापरली आहे. दोनच स्पीकर, पण आवाज त्यांच्या बाहेरून, बाजूने, कधी पाठीमागून आल्यासारखा भासतो. त्यासाठी डाव्या स्पीकरचा थोडा आवाज उजव्या कानात आणि उजव्याचा डाव्यात जावा लागतो, आणि दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये बसावं लागतं. हेडफोनमध्ये प्रत्येक कानाला त्याचाच आवाज मिळतो, मग युक्तीच उरत नाही. पहिल्याच ट्रॅकमध्ये भुंकणारा कुत्रा स्पीकरवर खिडकीबाहेर असतो. हेडफोनवर तो येऊन टोपीत बसला. 'टू मच रोप'मधली घुंगरांची घसरगाडी खोलीतून जायची ती नुसती या कानातून त्या कानात गेली. कुजबुज मात्र हेडफोनवर छान पोचते. म्हणजे एकीकडे म्हातारा मिळतो, दुसरीकडे कुत्रा. दोघं एकदम हवे असतील तर शांत खोली, बरे स्पीकर आणि समजूतदार शेजारी, असं सगळं जमवावं लागतं.

'इज धिस द लाइफ' हेडफोनवर जास्त ऐकला आणि त्याचा फायदा त्या अल्बमला झाला. निर्माता नायजेल गॉडरिचने आवाज जवळ आणलाय. वॉटर्स तेव्हा त्र्याहत्तरीत, गळा खरखरीत, आणि गॉडरिचने ती खरखर झाकली नाही. घड्याळाची टिकटिक, रेडिओवरची बोलणी, सगळं आहे, पण मापात. मुळात वॉटर्सने लांबलचक रेडिओ-नाटक लिहिलं होतं, गॉडरिचने त्याला कात्री लावायला लावली. या माणसाला १९८७ साली असं कोणीतरी भेटायला हवं होतं.

पहिले काही आठवडे मी याला तिन्हींत वरचा नंबर देत होतो. 'देजा व्हू'मध्ये तो आधी देवाच्या आणि मग ड्रोनच्या जागी स्वतःला ठेवतो, ते फार चांगलं जमलंय. 'द लास्ट रेफ्युजी'त समुद्रकिनारा आणि लेकरू, आणि बाकी जवळजवळ काही नाही. पण जसजसा ऐकत गेलो तसतसा एक कंटाळा साचत गेला. 'पिक्चर दॅट'मध्ये तो वाईट गोष्टींची यादी वाचतो. 'ब्रोकन बोन्स' हळू आहे, म्हणजे माझ्या जुन्या सिद्धांताप्रमाणे पटायला हवं, पण तिथे तो चक्क व्याख्यान देतो. शीर्षकगीतात ट्रंपचा आवाज घातलाय. २०१७ला तो ताजा होता. आल्फ रॅझेलचा आवाज आजही शिळा होत नाही. आणि 'स्मेल द रोझेस'ची चाल १९७७च्या फ्लॉइडच्या इतकी जवळ आहे की बँड सोडून तीस वर्षं उलटल्यावर घराच्या किल्ल्या अजून खिशात असल्यासारखं वाटतं. मला ते आवडतं. तक्रार म्हणून लिहिलेलं नाही.

महमूद दरवीश या पॅलेस्टिनी कवीच्या कवितेवरून केलेलं 'वेट फॉर हर' हे या अल्बमचं सर्वांत चांगलं गाणं. त्यात राजकारणाचा एक शब्द नाही. नुसतं एका बाईची वाट कशी बघावी, एवढंच.

आता चाहत्यांच्या भांडणाबद्दल, कारण त्याशिवाय असला लेख पुरा होत नाही. एक गट म्हणतो, गाणी ऐका, राजकारण सोडा. त्यांना खुद्द वॉटर्सनेच २०२२-२३च्या दौऱ्यात कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी ध्वनिक्षेपकावरून सांगितलं होतं की ज्यांना फ्लॉइड आवडतो पण माझं राजकारण सोसत नाही त्यांनी बारकडे सटकावं, आणि शब्द याहून कडक होते. तिकिटाचे पैसे आधी घेऊन मग हे सांगणं मला काही झेपलं नाही. दुसरा गट त्याच्या प्रत्येक विधानाच्या मागे उभा राहतो. २०२३मध्ये रशियाच्या निमंत्रणावरून तो संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर बोलला, युक्रेनवरचा हल्ला बेकायदा म्हणाला आणि त्याच दमात तो चिथावणीशिवाय झाला नाही असंही म्हणाला. त्याच वर्षी फ्रँकफुर्टने त्याचा कार्यक्रम रद्द करायला घेतला आणि कोर्टाने तो होऊ दिला. या सगळ्यावर तुम्ही कुठल्याही बाजूला असा, माझी अडचण वेगळी आहे. मुलाखतीत तो निकाल देतो. 'अम्यूज्ड'मध्ये तो एका म्हाताऱ्याला बोलू देतो. मला दुसऱ्या वॉटर्ससाठी पैसे मोजायचेत.

तिसरा गट म्हणतो, काहीही असो, गिल्मरची गिटार नाही. त्यांनी 'अम्यूज्ड'मध्ये गिटारवादक जेफ बेक ऐकावा आणि गप्प बसावं.

दुरुस्तीवाल्याने नॉब दुरुस्त केला. बोर्ड वगैरे काही बदलला नाही. जुना भाग काढला, तसाच नवा टाकला, आणि सर्व्हिस सेंटरने सांगितलेल्या रकमेपुढे त्याचे पैसे चहापाण्याचे वाटावेत इतके. तेव्हापासून मी सर्व्हिस सेंटरबद्दल जे बोलतो ते इथे छापता येणार नाही.

शेवटी घ्यायचं काय, असं विचारणाऱ्यांसाठी. 'अम्यूज्ड'ची २०१५ची नवी आवृत्ती ध्वनी-अभियंता जेम्स गथ्रीने केली, तिच्या ५.१ सराउंड (भोवताली पाच स्पीकर आणि एक बासचा) मिक्सला ग्रॅमीही मिळालं. घरात पाच स्पीकर असतील तर डोळे मिटून घ्या. दोनच असतील तर नवी स्टिरिओ आवृत्तीही स्वच्छ आहे, शिवाय दिग्दर्शक स्टॅन्ली क्युब्रिकने पूर्वी वापरू न दिलेला, त्याच्या '२००१' चित्रपटातल्या संगणकाचा आवाज तिच्यात अखेर आलाय. मूळ सीडीत त्या जागी वॉटर्सने क्युब्रिकला उलटा वाजवलेला टोमणा मारला होता, तो मला जास्त प्रिय. म्हणून मी जुनी सीडीच ठेवली, दुसऱ्यांदा पैसे घालायला मन होत नाही हे दुसरं कारण. स्ट्रीमिंगवर ऐकणार असाल तर शफल बंद करा, आणि आवाज सारखा करण्याची सोय 'अल्बम'वर ठेवता येत असेल तर ठेवा, नाहीतर आल्फ आणि बॉम्ब एकाच मापाचे होऊन येतील. 'केऑस' वापरलेली मिळाली तर घ्या, पण आतलं पत्रक शाबूत आहे ना ते आधी बघा. 'इज धिस द लाइफ' नवी घ्यायची घाई नको. कव्हरवरच्या काळ्या पट्ट्या माझ्या कलेची नक्कल आहेत, अशी एमिलिओ इस्ग्रो या कलावंताने तक्रार केल्यावर २०१७ला इटलीत विक्री थांबवली होती, त्या भांडणामुळे जुन्या प्रती दुर्मिळ म्हणून चढ्या भावाने विकणारे लोक आहेत. त्यांच्या नादी लागू नका.